अडतिसावी बाटली

शालिक, तुझी तेरवी होऊन आज चार दिवस झाले. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहावं आणि राहिलेल्यांना सांभाळून घ्यावं, एवढी रीत मलाही कळते. पण आत्ता मला कुणालाच सांभाळून घ्यायचं नाही, तुलाही नाही. तू किती मनमिळाऊ होतास, किती कर्तव्यदक्ष होतास, हे शोकसभेत पाच जणांनी सांगून झालं. त्यातल्या दोघांना तुझं नाव कागदात बघून वाचावं लागलं. मी दुसरंच सांगायला बसलोय. ज्या माणसाला सोडून दे म्हणून तू मला सांगून गेलास, त्याला मी सोडलं नाही.

दवाखान्याच्या लॅबमध्येच बसून लिहितोय. दुपार आहे, ओपीडी आटपली, चिखलीची बस लागल्यावर जे धावतात ते धावून गेले. तुझं स्टूल खिडकीखाली होतं तिथंच आहे. वीस वर्षं तू फटफटीवर गावोगाव हिंडून खोकणारी माणसं शोधलीस, त्यांची थुंकी झाकणाच्या बाटल्यांत भरून आणलीस आणि त्या स्टुलावर बसून माझ्या तोंडाकडे बघत राहिलास. मी ती थुंकी काचेवर पसरायचो, रंगवायचो आणि मायक्रोस्कोपला डोळा लावायचो. निळ्यात बारीक लाल काड्या दिसल्या की क्षय. मी नुसतं ‘हं’ म्हणायचो आणि तू उठून हेल्मेट घालायचास, कारण ती बातमी घेऊन पुन्हा त्या गावाला तुलाच जायचं असायचं. जेवणाचा डबा उघडलेला असला तरी तू तसाच झाकून निघायचास.

लवंगेपासून सुरुवात करतो, कारण माझा गुन्हा तिथला आहे.

गौरीच्या बारशाला तू गालात खर्रा धरून पाळण्यावर वाकलास आणि बारा दिवसांच्या पोरीनं तोंड फिरवलं. बायका हसल्या. मी मात्र सगळ्यांसमोर तुला झाडलं. दिवसभर लोकांना फुप्फुसं सांभाळा म्हणून सांगत फिरतोस आणि स्वतः तंबाखू-सुपारी चघळत लेकीवर वाकतोस, लाज कशी वाटत नाही, असं म्हणालो. तुझं तोंड एवढंसं झालं. तू बाहेर जाऊन थुंकून आलास. माझ्या हातात विडा होता, त्याला टोचलेली लवंग काढून मी तुझ्या तळहातावर ठेवली आणि सांगितलं, तलफ आली की ही गालात धर. मला वाटलं, दोन दिवस चालेल. पण तू पुन्हा खर्ऱ्याला शिवला नाहीस. तुझी ती दोन तोंडांची पितळी डबी, एकीकडे तंबाखू आणि दुसरीकडे चुना असलेली, राखेनं घासून लख्ख केलीस आणि दोन्हीकडे लवंगा भरल्यास. नऊ वर्षं तुझ्या गालात लवंग होती. तू दारात आलास की मला मान वर न करता कळायचं. एका माणसाचं व्यसन मी सोडवलं, असं मी पाहुण्यारावळ्यांना सांगत फिरायचो.

मागच्या दिवाळीनंतर ती मशीन आली. प्रकल्प बाहेरच्या एका संस्थेचा होता, आपल्या दवाखान्यानं फक्त माणूस द्यायचा होता, आणि माणूस द्यायचा म्हटलं की तू ठरलेला. जेवणाच्या डब्याएवढी पांढरी पेटी, तिला एक कागदी नळी. नळीत सावकाश दहा सेकंद फुंकायचं. आजारी फुप्फुसातून येणाऱ्या श्वासात काही वायू असतात, ते आपल्या नाकाला कळत नाहीत पण पेटीतल्या सेन्सरांना कळतात. मग तीनपैकी एक दिवा लागतो. हिरवा लागला तर काळजी नाही. लाल लागला तर संसर्गाचा संशय. आणि पिवळा लागला तर मशीनला उमगलं नाही, या माणसाची थुंकी तपासा. हे सगळं पेटीच्या झाकणावर स्वच्छ मराठीत छापलेलं होतं. तू तिचं नाव हुंगणी ठेवलंस.

आपलं भांडण जुंपलं ते पहिल्याच दिवशी. मी म्हणालो, वास घेऊन रोग सांगायला ती काय पोलिसांची कुत्री आहे? जंतू डोळ्यांनी दिसला पाहिजे. तू एरवी हसून सोडून द्यायचास, त्या दिवशी चिडलास.

“तुह्या बाटलीत म्हाताऱ्या बाया लाळ देतात बे, थुंकी नाई,” तू म्हणालास. “त्यायले खोकून काढताच येत नाई. तू लाळ पाह्यतं अन् निगेटिव्ह लिहितं. फुंकता तं सगळ्यायले येते.”

मी आवाज चढवला. मग रोज तेच. तू बाटल्या ठेवायचास, मी तुझ्या हुंगणीची चौकशी करायचो, आणि दोघं चहा गार होईपर्यंत भांडायचो. आज कबूल करतो, त्या भांडणात तू जिंकला होतास. ज्या माणसांपर्यंत माझी बाटली वीस वर्षांत पोचली नाही, त्यांच्यापर्यंत तुझी पेटी चार महिन्यांत पोचली. हे मी तू असताना म्हणालो असतो तर माझं काय गेलं असतं?

आता प्रकल्पाच्या त्या साहेबाकडे येतो. त्याचं नाव मी इथं लिहीत नाही. दया म्हणून नव्हे, तुझ्या लेखात त्याला जागा द्यायची नाही म्हणून. इस्त्रीचा शर्ट, बोलताना खांद्यावर हात ठेवायची सवय. पहिल्याच आठवड्यात तू त्याला विचारलंस की पिवळे दिवे बरेच लागतायत, त्यांच्या बाटल्या घेऊ ना? मी तिथंच उभा होतो. त्यानं तुझ्या खांद्यावर हात ठेवला.

“शालिकराव, पिवळा म्हणजे लाल नाही ना? मग हिरवा लिहा. अहवाल वाचणाऱ्याला गोंधळ नको.”

तू लिहिलंस. मी ऐकलं आणि गप्प बसलो. मला आतून बरंच वाटलं, कारण हुंगणी फसेल तितकं मला हवंच होतं. हे वाक्य लिहिताना मला माझी शरम वाटते, पण ते खरं आहे.

आणि तुझी ती पद्धत. प्रत्येक गावात समाजमंदिरात नाहीतर शाळेच्या ओट्यावर पेटी मांडायची आणि सगळ्यांच्या आधी आपण स्वतः फुंकून दाखवायचं, म्हणजे लोकांची भीती जाते. तू फुंकायचास, पिवळा लागायचा, तू हसून सांगायचास की पाह्या, काई होत नाई. रजिस्टरात प्रत्येक गावाच्या पानावर पहिलं नाव तुझं आहे, तुझ्याच अक्षरात, आणि पुढं लिहिलंय हिरवा. ते रजिस्टर मी तू गेल्यावर उघडलं. पानामागून पान उलटत गेलो आणि वर तेच नाव, पुढं तोच शब्द.

पण त्याआधी फेब्रुवारीतली ती दुपार. तू बाटल्या न घेता आलास, स्टुलावर बसलास आणि बराच वेळ डबी हातात फिरवत राहिलास. मी विचारलं, काय झालं, तर तू एकदम बोललास.

“अरुण्या, माह्याच हातानं घात झाला बे.”

मग हळूहळू सगळं सांगितलंस. बायका मशीनसमोर यायला लाजायच्या. पदर तोंडाला लावून म्हणायच्या, आमच्या तोंडाचा वास येते बाप्पा, आम्ही नाई फुकत. साहेबाच्या यंत्रात आपला श्वास कसा घालायचा, याची त्यांना लाज. तुला ती लाज कळली. गौरीनं तोंड फिरवलं तेव्हापासून ती तुला चांगलीच ठाऊक होती. म्हणून तू डबी उघडून एकेकीच्या हातावर लवंग ठेवायचास, ही चावा, वास येत नाई, मंग फुका. त्या खुशीनं चावायच्या, धीट व्हायच्या, फुंकायच्या, आणि लवंगेच्या उग्र वासाखाली बाकी सगळं झाकलं जायचं. हुंगणी गोंधळायची आणि पिवळा लावायची. आदल्या दिवशी मेहकरकडच्या एका गावात तुझी डबी रिकामी होती. त्या दिवशी दिवसभरात एकही पिवळा लागला नाही. परत येताना रस्त्यात गाडी थांबवून तू नुसता बसून राहिलास म्हणे.

दुसऱ्या कुठल्या गावात, दुसऱ्या कुठल्या माणसानं ही चूक केली नसती. इतकं कुणी कुणाच्या लाजेकडे बघत नाही. आपण त्या दुपारी दोघं मिळून खात्री केली. मी तोंड धुऊन फुंकलं, हिरवा. लवंग चावून फुंकलं, पिवळा. कोडं सुटल्यासारखे आपण दोघं खूश झालो. तुझा दिवा रोज पिवळा का लागतो, तेही सुटलं. तुझ्या गालात लवंग होती, बास. कारण सापडलं म्हणजे माणूस तपासून झाला असं आपण दोघांनी धरलं, आणि त्यात मी तर तपासण्याचाच पगार घेणारा.

तू साहेबाला सांगायला गेलास. तो फोनवर होता. लेखी द्या, म्हणाला. तू लेखी दिलंस. पिवळे असून हिरवे लिहिलेल्या माणसांची तू आठवून आठवून काढलेली नावं, गावं, एकूण सदतीस. खाली लिहिलंस की चूक माझी आहे, लवंग मी दिली, पण यांची थुंकी तपासायला परवानगी द्यावी, आणि पुढं फुंकण्याआधी प्रत्येकाला चूळ भरायला लावून अर्धा तास बसवावं. कागद दिला की दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायची, ही तहसीलमध्ये शिपाई असलेल्या तुझ्या वडिलांची शिकवण. तू पोच घेतलीस, त्याच्या ऑफिसचा गोल शिक्का आणि सही. मग वाट पाहिलीस. दोनदा विचारलंस. दुसऱ्यांदा तो म्हणाला, “पाहिलं मी ते, पुढच्या टप्प्यात बघू.” आणि तू परत येऊन मला सांगितलंस की साहेबांनी पाहिलंय. तुला खरंच समाधान वाटलं होतं.

पुढच्या टप्प्याची वाट बघत बसणारा तू नव्हतास. रविवारी गाडी काढायचास, त्या सदतीस जणांकडे जायचास, दारात उभा राहून सांगायचास की तुमचा दिवा पिवळा होता, म्या हिरवा लिवला, माफ करा अन् बाटलीत थुंका. ऊन तापत होतं, हरभऱ्याच्या मळणीची, कुटाराची धूळ होती, तू खोकत होतास. मी म्हणायचो धूळ आहे. तू म्हणायचास धूळ आहे. तुझा शर्ट खांद्यावरून घसरायला लागला तेव्हा मी चेष्टा केली, की साखर असलेल्या माणसानं बारीक झालेलं चांगलंच. सोमवारी सकाळी मी त्या बाटल्या तपासायचो. सदतीसच्या सदतीस तपासल्या. चार जणांत लाल काड्या निघाल्या. चौघांची औषधं सुरू झाली. त्यातल्या पार्वताबाई तुला देव म्हणायच्या आणि तू ओशाळून गाडीला किक मारायचास.

शेवटची काच निगेटिव्ह निघाली त्या दिवशी तू आपल्या दोघांसाठी कचोरी आणलीस. म्हणालास, फिटलं बे एकदाचं. मी कचोरी खाल्ली. तू अर्धी ठेवलीस, भूक नाही म्हणालास.

त्यानंतर एकवीस दिवसांनी तुला घरी रक्ताची उलटी झाली.

तुझी थुंकी मी रंगवली ती तू जिल्ह्याच्या दवाखान्यात भरती झाल्यावर, तिथल्या तपासणीनंतर, नुसती माझी मला पाहायची म्हणून. वीस वर्षांत इतक्या लाल काड्या मी एका काचेवर पाहिल्या नव्हत्या. मोजायचं काम नव्हतं. दोन्ही फुप्फुसं गेली होती. औषधं सुरू झाली, पण उशीर झाला होता आणि साखरेनं उरलंसुरलं काम केलं. हुंगणीनं चार महिने, गावागणिक, तुझ्याबद्दल सांगितलं होतं की मला कळत नाही, या माणसाची थुंकी तपासा. ती एकदाही खोटं बोलली नाही. खोटं आम्ही लिहिलं, त्यानं सांगून आणि मी ऐकून.

तुझ्याजवळ बसलो होतो तेव्हा मी तुला म्हणालो की याला मी सोडणार नाही. तू डोळे मिटूनच हात हलवलास.

“त्याले सोड बे,” म्हणालास. “त्याच्या नादात मशीन बंद पाडशीन. मंग त्या बाया घरीच खोकत राह्यतीन.”

तुझ्या तोंडाला मास्क लावला, पांघरूण सारखं केलं. तू धरून चाललास की मी ऐकलं. मी वचन दिलं नव्हतं, शालिक. तू ते मागायला थोडा जास्त वेळ जगायला हवा होतास.

तेरवीच्या दिवशी वहिनींनी मला आत बोलावलं आणि कपाटातल्या साड्यांखालून दोन वस्तू काढून दिल्या. तुझी पितळी डबी आणि ती पोच घेतलेली प्रत. “भाऊजी, हे यायनं तुमच्यासाठी ठेवलं होतं,” एवढंच म्हणाल्या. तू नुसती डबी ठेवली असतीस तर मी मानलं असतं की तू मनापासून सोड म्हणालास. कागद का ठेवलास? मला वाटतं, तुलाही राग होता. तो तुला कधी दाखवता आला नाही आणि तू तो माझ्याकडे देऊन गेलास. कदाचित मी हे माझ्या सोयीनं समजून घेतोय. तू नाही म्हणायला येणार नाहीस.

त्याच दिवशी साहेब शाल घेऊन आला. तुझ्या फोटोला हार घातला, गौरीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि जाहीर केलं की दुसऱ्या दिवशी शोकसभा घेऊ आणि श्वास तपासणीची पुढची मोहीम तुझ्या नावानं सुरू करू. मी नमस्कार केला. माझ्याकडून सगळी मदत होईल म्हणालो. इतकं गोड मी आयुष्यात बोललो नव्हतो.

रात्रभर विचार वगैरे काही केला नाही. मला लगेच सुचलं होतं. त्यानं तुझा अर्ज वाचला असेल तर लवंग काय करते हे त्याला माहीत असणार, आणि मग तो सदतीस माणसांना माहीत असून मारायला निघाला होता. वाचला नसेल तर तो लवंग हसत घेईल, आणि मग ‘पाहिलं मी’ हे त्याचं तोंडावरचं खोटं. दोन्हीकडून सापडणार होता. मला फक्त डबी भरून न्यायची होती.

शाळेच्या हॉलमध्ये गर्दी चांगली होती. तुझ्या गावांमधले लोक आले होते, पार्वताबाई मागं भिंतीला टेकून बसल्या होत्या. तालुक्याचे आरोग्य अधिकारी पहिल्या रांगेत. टेबलावर तुझा फोटो आणि शेजारी हुंगणी, तिलाही झेंडूचा हार घातलेला. साहेब बोलला. शेवटच्या श्वासापर्यंत शालिकरावांनी सेवा केली, असं म्हणाला, आणि माझ्या मनात कुठं थोडी धाकधूक होती तीही गेली.

मी उठून माइक घेतला. म्हणालो, शालिक प्रत्येक गावात सगळ्यांच्या आधी स्वतः फुंकायचा. मोहीम त्याच्या नावाची आहे, तेव्हा पहिला मान साहेबांनी घ्यावा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग डबी उघडून त्याच्यापुढं धरली आणि सांगितलं, ही शालिकची आठवण, तो फुंकायच्या आधी सगळ्यांना एक द्यायचा. मी त्याच्या डोळ्यांकडे बघत होतो. त्याचे डोळे ओलावले. त्यानं दोन लवंगा घेतल्या, तोंडात टाकल्या, चावल्या आणि नळीत फुंकलं.

मशीननं आपला वेळ घेतला. पिवळा लागला.

“साहेब,” मी विचारलं, “रजिस्टरात काय लिहू?”

तो हसला. “अहो, पिवळा म्हणजे—” आणि थांबला. तेवढ्यात मागून पार्वताबाईंचा आवाज आला.

“आमच्या वक्ताले तं हिरवा लिवला होता.”

मग मी तुझा अर्ज वाचला. सदतीस नावांतली जी माणसं हॉलमध्ये होती ती आपलं नाव आलं की उभी राहत गेली. शेवटी तारीख, शिक्का आणि सही वाचली, आणि प्रत आरोग्य अधिकाऱ्यांच्या हातात दिली. त्यांनी ती दोनदा वाचून बॅगेत ठेवली. मी खिशातून बाटली काढली, तिच्यावर साहेबाचं नाव मी आधीच लिहून आणलं होतं. झाकणावरचा नियम मोठ्यानं वाचून दाखवला आणि बाटली त्याच्या हातात दिली. पिवळा लागला की थुंकी. अधिकारी म्हणाले, नियम आहे, द्या. सगळ्यांच्या देखत तो खिडकीशी जाऊन खाकरत उभा राहिला. बाटली परत देताना हळू आवाजात म्हणाला, हे तुम्ही बरं नाही केलंत. मी म्हणालो, नाही केलं.

मला बरं वाटलं. तुझ्यापाशी खोटं कशाला बोलू? तुझ्या फोटोखाली उभं राहून, गौरी बघत असताना, मला बरं वाटलं.

चौकशी लागली आहे. त्याचं काय होईल ते मला माहीत नाही, असल्या लोकांचं काय होतं ते तू बघितलंयस. पण मी साक्षीला जाणार, जितक्या वेळा बोलावतील तितक्या वेळा, आणि मी काय ऐकून गप्प बसलो तेही सांगणार. मशीन मात्र बंद पडली नाही. तुझं ऐकलं एवढंच. आता पेटीशेजारी पाण्याची बादली आणि पेले असतात, चूळ भरून अर्धा तास बसवतात, आणि रजिस्टरात पिवळ्याचा वेगळा रकाना आखलाय. मी आखला, लाल शाईनं.

आता राहिलेलं एकच सांगतो, ते कुणाला सांगितलेलं नाही.

त्याची बाटली मी त्याच दिवशी घेऊन बसलो. काच केली, रंगवली, वाळवली. डोळा लावला. मला त्यात काड्या हव्या होत्या, शालिक. वीस वर्षांत मी कुणाच्याही काचेवर रोग शोधला तो नसावा असं वाटून शोधला, आणि त्या दिवशी पहिल्यांदा तो असावा म्हणून शोधला. नियमानं काचेवरच्या शंभर जागा पाहायच्या असतात. मी दोनशे पाहिल्या. काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळची थुंकी त्यानं ड्रायव्हरबरोबर पाठवली, तीही तशीच तपासली, डोळ्यातून पाणी येईपर्यंत. स्वच्छ. मी निगेटिव्ह लिहिलं आणि सही केली. तुझ्या स्टुलाशेजारी बसून खोटं लिहिता येत नाही.

सही केल्यावर बाटल्यांची पेटी बंद करायला गेलो, तेव्हा लक्षात आलं. त्या रविवारच्या फेऱ्यांसाठी मी तुला अडतीस बाटल्या काढून दिल्या होत्या, एखादी फुटली तर असू दे म्हणून. सदतीस भरून आल्या. एक रिकामी तू परत आणून ठेवलीस, ती तुझ्या स्टुलाशेजारच्या कप्प्यात तीन महिने होती. तू रोज तिच्याजवळ बसून खोकायचास. मी ती शोकसभेच्या सकाळी उचलली, तिच्यावर त्याचं नाव लिहिलं आणि त्याच्या हातात दिली.